जाहिरातीमागची वही

श्रोतेहो, नमस्कार.

या भाषणाच्या आधी किंवा नंतर रेडिओवरून जी जाहिरात आपल्या कानावर पडेल, ती कागलच्या शेतकऱ्याला, राजारामपुरीतल्या विद्यार्थिनीला आणि इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला एकसारखीच ऐकू येईल. ती कोण ऐकत आहे हे रेडिओला कळत नाही, कारण ते कळवण्याची सोयच या यंत्रात नाही. मोबाईलचे तसे नाही. बातमी तीच, पान तेच, पण एकाच बाकावर बसलेल्या दोघांना त्यावर दोन वेगळ्या जाहिराती दिसतात, आणि त्या का दिसल्या याचे उत्तर दोघांविषयी वर्षानुवर्षे साठत गेलेल्या नोंदींत असते. जाहिरातीला माझी हरकत नाही. महाद्वार रोडवरच्या दुकानदाराला गिऱ्हाईक हवे असते आणि आपल्याला बातम्या फुकट वाचायला मिळतात त्याही बऱ्याच अंशी जाहिरातींच्याच जिवावर. हरकत आहे ती आपल्याला न विचारता, आपल्याच नावाने घातलेल्या वहीला.

या विषयावर बोलताना पहिला प्रश्न हमखास येतो तो असा, की आम्ही घरात नुसते कुकरविषयी बोललो आणि लगेच कुकरची जाहिरात आली, म्हणजे फोन आमचे बोलणे ऐकतो का? २०१८ साली अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली, तेव्हा मायक्रोफोन गुपचूप सुरू करून आवाज बाहेर पाठवणारे एकही ॲप त्यांना आढळले नाही. पडद्यावर आपण काय करतो याचे चित्रण बाहेर पाठवणारी काही ॲप मात्र सापडली. माझे मत असे, की बोलणे चोरून ऐकण्याची या धंद्याला गरजच उरलेली नाही. आपण बोललो त्याच्या आदल्या दिवशी घरातल्या कोणीतरी कुकरच्या किमती पाहिलेल्या असतात. घरातले सगळे फोन एकाच वायफायवर असल्यामुळे बाहेरच्या जगाला त्यांचा आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, सहसा एकच दिसतो, आणि सुनेने शोधलेली वस्तू सासूबाईंच्या फोनवर उगवते.

हे घडते कसे, ते नीट पाहू. ब्राउझरमध्ये, म्हणजे आपण ज्यातून वेबसाइट पाहतो त्या ॲपमध्ये, साठणारी ‘कुकी’ नावाची छोटी नोंद १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने तयार केली. तिचा हेतू अगदी साधा होता. वेबसाइटला स्वतःहून काहीच आठवत नसे. एका पानावर निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर गेल्यावर टिकावी, यासाठी ब्राउझरजवळ एक खूण ठेवायची आणि पुढच्या भेटीत ती परत मागायची, एवढेच तिचे काम. या मूळ कुकीविना आजही आपले लॉगिन टिकणार नाही, म्हणून सरसकट सगळ्या कुकींना चोर ठरवण्यात अर्थ नाही. अडचण आहे ती तिऱ्हाइताच्या कुकीची. आपण एखाद्या बातमीचे पान उघडतो तेव्हा ते सगळे एकाच ठिकाणाहून येत नाही. जाहिरातीची चौकट एका कंपनीच्या सर्व्हरवरून येते, वाचकसंख्या मोजणारा छोटा प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीचा असतो, आणि पुष्कळदा पानाच्या कोपऱ्यात एकाच ठिपक्याएवढे, डोळ्यांना न दिसणारे चित्र असते, जे आपल्याला दाखवण्यासाठी ठेवलेलेच नसते. ते चित्र मागवताना आपला ब्राउझर त्या तिऱ्हाइताला आपला पत्ता, आपण कोणत्या पानावर आहोत ते आणि त्याने पूर्वी ठेवलेली खूण, असे सगळे कळवून मोकळा होतो. असेच चित्र चपलांच्या दुकानात, कर्जाची माहिती देणाऱ्या पानावर आणि आजारांविषयीच्या लेखाखाली असले, की तीनही ठिकाणची भेट एकाच वहीत, एकाच माणसासमोर लिहिली जाते. तिथे आपले नाव नसेलही, पण त्यावाचून काही अडत नाही.

याच्या पुढचा भाग फारसा कोणाला ठाऊक नसतो, आणि मला तोच अधिक गंभीर वाटतो. पान उघडत असताना, साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, त्या चौकटीचा लिलाव होतो. कोल्हापूरकरांना लिलाव समजावून सांगायला नको. मार्केट यार्डातले गुळाचे सौदे आपण पाहिलेले आहेत. तिथे गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, रंग आणि कडकपणा जमलेले सगळे व्यापारी पाहतात, बोली लावतात, आणि गूळ एकाच्या पेढीवर जातो. बाकीचे रिकाम्या हाताने पुढच्या ढिगाकडे वळतात. जाहिरातीच्या लिलावात फरक पडतो तो नेमका इथे. बोली लावता यावी म्हणून आपले वर्णन, म्हणजे फोनचा प्रकार, आयपी ॲड्रेस, अंदाजे ठिकाण, वाचत असलेले पान आणि ओळखीची खूण, हे अनेक कंपन्यांकडे एकदम पाठवले जाते. जाहिरात एकाचीच लागते, पण वर्णन सगळ्यांच्या हाती पडलेले असते, आणि हरलेल्याने ते पुसून टाकले की जपून ठेवले हे पाहायला तिथे कोणी नसते. माणूस कोणत्या दवाखान्याची माहिती वाचत होता, कोणत्या कर्जाचा हप्ता शोधत होता किंवा कोणत्या पंथाच्या पानावर रोज जात होता, हे अशा वाटेने अनोळखी हातांत जाते.

तिऱ्हाइताच्या कुकीला आवर घालण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून अशा कुकी पूर्णपणे अडवल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या कुकी आपणहून रोखायला सुरुवात केली आणि २०२२ पासून प्रत्येक वेबसाइटची कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवली, म्हणजे एकीकडची खूण दुसरीकडे वाचता येऊ नये. गूगलनेही जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की क्रोममधून या कुकी दोन वर्षांत हद्दपार होतील. मुदत पुढे पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच मागे घेण्यात आला. ज्या कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा जाहिरातींतून येतो, तिच्याच ब्राउझरने जाहिरातींचा माग तोडावा ही अपेक्षा थोडी भाबडीच होती, असे मला वाटते. आपल्याकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये क्रोम आधीपासूनच बसवलेला असतो, हेही इथे विसरून चालणार नाही.

कुकी अडवल्या तरी ओळख पटवण्याच्या आणखी वाटा उरतात. पडद्याचा आकार, ब्राउझरची आवृत्ती, घड्याळाची वेळ, संगणकात बसवलेले फॉन्ट अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या, की बोटाच्या ठशासारखी एक खूण तयार होते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये केलेल्या प्रयोगात आपणहून तपासणीला आलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के एकमेव ठरले होते. लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या छपाईच्या दुकानात श्रीलिपी या सॉफ्टवेअरचे भरपूर मराठी फॉन्ट बसवलेला जो संगणक असतो, तो या दृष्टीने जगाच्या गर्दीत अधिकच उठून दिसण्याची शक्यता असते.

आणि आपल्या देशात या सगळ्याहून पक्की खूण एकच आहे, ती म्हणजे मोबाईल नंबर. कुकी पुसता येते, ब्राउझर बदलता येतो, पण बँक, गॅस आणि मुलांची शाळा ज्या नंबराला जोडली आहे तो नंबर माणूस सहसा बदलत नाही. दुकानात बिल करताना तो मागितला जातो आणि मागे रांग असल्यामुळे आपणही तो पटकन सांगून टाकतो. पुढे दुकानदार आपल्या गिऱ्हाइकांची यादी जाहिरात कंपनीकडे चढवू शकतो. नंबर जसेच्या तसे न पाठवता त्यांचे गणिती रूप पाठवले जाते, पण त्याच नंबरावर आपले सोशल मीडियाचे खाते असल्यामुळे दोन्हींचा मेळ बसतो, आणि रोख पैसे देऊन घेतलेल्या साडीची खबर फोनमधल्या जाहिरातीपर्यंत पोहोचते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना कळवले होते, की बिलासाठी मोबाईल नंबराचा आग्रह धरू नये. म्हणून काउंटरवर “नंबर देणार नाही, बिल कागदावर द्या” असे म्हणण्यात संकोचाचे काही कारण नाही. माझ्या मते फोनमधल्या दहा सेटिंगांपेक्षा हे एक वाक्य अधिक उपयोगी पडते.

तरीही सेटिंगकडे वळलेच पाहिजे. क्रोम वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमधल्या गोपनीयतेच्या विभागात तिऱ्हाइताच्या कुकी अडवण्याचा पर्याय आहे. तो सुरू करावा, एखादी वेबसाइट अडखळली तर तिच्यापुरती सवलत देता येते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये गूगल या भागात जाहिरातींचे पान असते, तिथे फोनला दिलेला जाहिरात आयडी हटवून टाकता येतो. ॲपवाले वेगवेगळ्या ॲपमधला आपला वावर जोडतात तो प्रामुख्याने याच आयडीच्या आधारे, त्यामुळे हे एक मिनिटाचे काम चुकवू नये. आयफोन असेल तर एप्रिल २०२१ पासून प्रत्येक ॲपला माग काढण्यापूर्वी परवानगी विचारावी लागते, आणि ही विचारणाच बंद करून सर्वांना कायमचा नकार देण्याची सोय आहे. गूगलच्या खात्यात आपण काय शोधले याची नोंद साठते, ती ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी आपोआप पुसली जावी असे ठरवता येते. ३ महिने निवडावेत. टॉर्चच्या किंवा कॅलेंडरच्या ॲपला आपले ठिकाण कशासाठी हवे, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

ज्यांना थोडे पुढे जायचे आहे त्यांनी फोनवर फायरफॉक्स घेऊन त्यात ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे विनामूल्य एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे साधन, बसवावे. ते माग काढणाऱ्या सर्व्हरशी होणारा संपर्कच तोडते, पाने भरभर उघडतात आणि डेटाही वाचतो. मात्र रक्षणाचे नाव घेणाऱ्या प्रत्येक साधनावर भरवसा टाकू नये. अव्हास्ट ही अँटिव्हायरस बनवणारी प्रसिद्ध कंपनी; माग काढणाऱ्यांपासून वाचवण्याचे आश्वासन देऊन तिनेच वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्या उपकंपनीमार्फत विकली, असा ठपका फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने ठेवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर दुसरे काय म्हणायचे!

ब्राउझरमधल्या इन्कॉग्निटो, म्हणजे ‘खासगी’ म्हणवणाऱ्या, खिडकीविषयीचा गैरसमजही इथेच दूर केला पाहिजे. ती खिडकी बंद केल्यावर आपल्या फोनमधला इतिहास पुसला जातो, म्हणजे घरातल्या माणसांना तो दिसत नाही. वेबसाइट, जाहिरात कंपनी आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांना मात्र आपण दिसतच असतो. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. व्हीपीएनचेही, म्हणजे आपला इंटरनेटचा संपर्क दुसऱ्याच सर्व्हरमार्फत वळवणाऱ्या सेवेचेही, साधारण तसेच आहे. त्याने आयपी ॲड्रेस झाकला जातो, पण त्याच ब्राउझरमध्ये आपण आपल्या खात्यात लॉगिन केलेले असेल तर झाकले काय आणि उघडे ठेवले काय, सारखेच.

आता कायद्याकडे येतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. नियमांत दिलेल्या मुदतीनुसार कंपन्यांवरची मुख्य बंधने १८ महिन्यांनी लागू होतात. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे, असे हा कायदा म्हणतो, आणि माहितीच्या सुरक्षेत हयगय करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी यंत्रणांना दिलेली सूट फार सैल आहे ही टीका मला रास्त वाटते. पण दोन तरतुदी आपल्या घरांसाठी महत्त्वाच्या आहेत. कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकांच्या वर्तनाचा माग काढण्यास व त्यांना उद्देशून जाहिराती दाखवण्यास, नियमांतले काही अपवाद वगळता, मनाई केली आहे. मुलाच्या अभ्यासाच्या किंवा खेळाच्या ॲपमध्ये अशा जाहिराती दिसल्या तर पालकांना बोट ठेवायला जागा आहे.

दुसरी तरतूद भाषेची आहे. संमती मागताना दिलेली सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे, आणि त्या २२ भाषांत मराठी आहे. इंग्रजीतली लांबलचक अट न वाचता ‘मान्य’ दाबण्याची सवय आपल्याला लागली आहे. ही बंधने लागू झाली की तीच अट मराठीत मागता येईल. कंपनीने दाद दिली नाही, तर पहिली तक्रार तिच्याच तक्रार निवारण व्यवस्थेकडे करावी लागते, आणि तिथेही काम झाले नाही तर भारतीय डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येते. या मंडळाचे कामकाज डिजिटल पद्धतीनेच चालावे असे कायद्यात म्हटले असल्यामुळे त्यासाठी कोल्हापुरातून दिल्लीची गाडी पकडावी लागणार नाही.