दुधाची पिशवी मागावर चढताना

(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित ज्येष्ठ मंडळी, भगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो,

माझ्या हातातल्या या पिशवीचा उभा धागा, म्हणजे ताणा, साध्या सुताचा आहे आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांच्या पट्ट्यांचा आहे. मधूनमधून जी चंदेरी रेघ चमकते, ती वेफर्सच्या पाकिटांची आहे. आमचा महिला बचत गट काही वर्षांपासून हे कापड विणतो आहे. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. या कापडाचे बरेवाईट माग सुरू होण्याच्या कितीतरी आधी, आपल्या घरच्या मोरीतच ठरते.

राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, परंतु दूध, बिस्किटे, मसाले आणि शाम्पू ज्यांतून घरात येतात ती वेष्टने राहिलीच. पाण्याच्या बाटल्या भंगारवाला आनंदाने नेतो, कारण त्या एकाच जातीच्या प्लॅस्टिकच्या असतात आणि वितळवून त्यांचा पॉलिस्टर धागा काढता येतो. वेफर्सच्या किंवा मसाल्याच्या पाकिटाला मात्र कोणी हात लावत नाही. त्यात वेगवेगळ्या प्लॅस्टिकांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. पॉलिथिलीन साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला वितळते, पॉलिप्रॉपिलीनला १६० अंशांच्या आसपास तापवावे लागते आणि पॉलिस्टरला तर २५० अंशांच्या पुढे न्यावे लागते. आतला चांदीसारखा दिसणारा थर ॲल्युमिनियमचा असतो आणि तो एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो. असे थर सुटे करणे परवडत नाही आणि सगळे एकत्र वितळवले तर चांगला माल होत नाही. विणकामात काहीच वितळवायचे नसल्यामुळे ही अडचण उरत नाही, म्हणूनच आम्ही मागाकडे वळलो.

आता प्रत्यक्ष कृती सांगते. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी वरून उघडून खालची शिवण कापली की एक नळी मिळते. ती फोडायची नाही. एका टोकापासून बोटभर रुंदीने गोल-गोल, तिरके कापत जायचे, म्हणजे एका पिशवीतून सहा-सात फुटांची अखंड पट्टी निघते. कात्री बोथट असेल तर काठावर बारीक चिरा राहतात. दुधाची पिशवी ते सहन करते, कारण तिचे प्लॅस्टिक ताणले जाते. वेफर्सचे पाकीट ओढायला मजबूत असले, तरी एकदा चीर पडली की तिथून सरळ फाटत जाते. या पट्ट्यांना गाठ मारायची नाही. गाठीने कापडात गोळा येतो, म्हणून दोन टोके चार बोटे एकमेकांवर ठेवायची आणि फणी, म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणारा मागाचा कंगवा, दोनदा ठोकायची, की ताणा त्यांना धरून ठेवतो.

आम्हाला माग शिकवणारे आजोबा आयुष्यभर घोंगड्या विणत आले. पहिल्या आठवड्यात आमच्या कापडाचे दोन्ही काठ आकसून आत येत होते आणि कारण कोणालाच कळेना. त्यांनी थोडा वेळ नुसते पाहिले आणि म्हणाले, “बाई, पट्टी वढू नका, ढिली सोडा. ती लोकर न्हाई, वढली की माघारी येती.” ताणलेले पॉलिथिलीन, म्हणजे दुधाच्या पिशवीचे प्लॅस्टिक, नंतर आखडते, ही गोष्ट त्यांच्या हातांना पाहताक्षणी कळली होती. पैठणी आणि हिमरूची परंपरा सांगणाऱ्या आपल्या मराठवाड्यात असे जाणते हात रिकामे बसून आहेत, याचे मला मनापासून दुःख होते.

आता पाण्याविषयी बोलते, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. आमच्याकडे येणारी वेष्टने खरकट्यात मिसळून, तेलकट होऊन आली, तर ती साबण लावून दोन-तीन पाण्यांतून काढावी लागतात. ज्या गावात टँकरची वाट पाहिली जाते, तिथे कचरा धुण्यासाठी इतके पाणी वापरणे मला पटत नाही. सुरुवातीला दोन दिवस तशाच पडलेल्या दुधाच्या पिशव्या आम्ही घाईने धुऊन विणल्या. वाळल्यावर वास गेला असे वाटले, पण पावसाळ्याच्या दमट हवेत त्या कापडाला आंबूस वास सुटला आणि सगळे ठाण फेकून द्यावे लागले. तेच वेष्टन रिकामे होताच, भांडी विसळलेल्या शेवटच्या पाण्यातून काढले, तर एक थेंबही जास्तीचा लागत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये, ज्यांच्या वेशीवर शहराचा कचरा टाकला जात होता त्या नारेगावच्या गावकऱ्यांनी तेव्हाच्या औरंगाबाद शहराच्या कचरागाड्या अडवल्या आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचा नियम २०१६ पासूनच लागू होता. दुसऱ्याच्या गावाच्या वेशीवर आपले खरकटे आणि प्लॅस्टिक एकत्र नेऊन टाकणे हा अन्याय होता, असे मी स्पष्ट म्हणते.

या कापडाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सूत आणि प्लॅस्टिक एकत्र विणल्यामुळे ही पिशवी फाटल्यावर तिचा पुनर्वापर अवघड असतो. उन्हात ठेवल्यास प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणून आम्ही वेष्टनेसुद्धा सावलीतच वाळवतो. पट्ट्या कापण्यात सर्वांत जास्त वेळ जातो. त्या वेळेची रास्त मजुरी धरली की ही पिशवी बाजारातल्या पिशवीपेक्षा महाग पडते, आणि ती मजुरी कमी करून पिशवी स्वस्त करायला आमची तयारी नाही. जे वेष्टन घरात आणणे टाळता येईल ते टाळावेच. आमचा माग उरलेल्यासाठी आहे.

जाता जाता एक विनंती. दुधाची पिशवी उघडताना तिचा कोपरा कापून वेगळा करू नका. ते तुकडे हाती लागत नाहीत, नालीत जातात किंवा खरकट्याबरोबर जनावरांच्या पोटात जातात. नुसती चीर द्या, कोपरा पिशवीलाच लटकू द्या, आणि दूध ओतून झाले की पिशवी विसळून खिडकीच्या गजाला उलटी अडकवा. संध्याकाळपर्यंत ती कापायला तयार होते.