समोरच्या बाकावरचा प्रवासी

पाळकसाहेब, मंडळीतली वडीलधारी माणसं, आणि जागा नाही म्हणून मागे भिंतीला टेकून उभी असलेली आमची तरुण मुलं, सर्वांना जय ख्रिस्त.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, का सांगावी?’ तीन कारणं सांगेन असं मी सेक्रेटरीसाहेबांना कबूल केलंय. सांगतो. पण त्याआधी मला तुम्हाला १८९३ सालच्या एका आगगाडीत न्यायचंय.

गाडी नागपूरहून राजनांदगावला चाललीय. डब्यात कवी नारायण वामन टिळक. हो, तुम्ही हसलात. ही गोष्ट आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. तरी पुन्हा सांगतो, कारण सांगताना आपली नजर कायम टिळकांवर असते. आज समोरच्या बाकावरच्या त्या गोऱ्या माणसाकडे बघा.

त्यानं पहिल्यांदा काय केलं? टिळकांना बसायला जागा करून दिली. राज्य गोऱ्यांचं, तरी सरकून बसला. मग बोलणं निघालं ते संस्कृत काव्यावर. येशूचं नाव लगेच काढलं नाही. टिळकांचं ज्यावर प्रेम होतं त्या विषयावर तो बोलला, आणि त्यानं ऐकूनही घेतलं. (मुलांनो, ऐकून घेणं हा साक्षीचा अर्धा भाग आहे, हे वहीत लिहा.) शेवटी त्यानं बायबलातला नवा करार टिळकांच्या हातात ठेवला आणि म्हणाला, हे वाचत गेलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते मुळीच पटलं नाही. पण वाचेन असा शब्द दिला होता. पेन्सिल घेऊन खुणा करत वाचायला बसले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले, आणि पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता बघा. टिळकांचे अभंग, आपल्या गायनाच्या पुस्तकातली त्यांची गीतं, ‘ज्ञानोदय’ नियतकालिकातलं लेखन, १९१७चा ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या लेखणीनं मराठीला दिलेलं धन. हे सगळं वाढलं ते त्या डब्यातल्या एका पुस्तकातून. आणि या सभागृहात त्या प्रवाशाचं नाव कोण सांगू शकेल? हात वर करा. एकही नाही. मलाही सांगता येत नाही. तो उतरून गेला.

आता माझी गोष्ट. मनाला लागलेली आहे, म्हणून जरा वेळ घेईन. एका कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक भाऊ एकवीस वर्षं बसले. दिवाळीला त्यांच्याकडचा फराळ माझ्या टेबलावर, नाताळला आमच्या करंज्या आणि केक त्यांच्या. जिव्हाळा होता. त्यांचा तरुण मुलगा गेला. तेराव्यानंतर कामावर आले त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, “तुम्ही ख्रिस्ती लोक गेलेल्या माणसाबद्दल काय मानता हो?” सहज विचारलं नव्हतं. डोळे भरले होते. आणि मी, ज्यानं दर ईस्टरला, येशू मेलेल्यांतून उठला म्हणून, रिकाम्या कबरेची गायनं म्हटली, तो मी म्हणालो, “भाऊ, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात.” आणि चहा मागवला.

का गप्प बसलो? लोक म्हणतील बाटवायला निघाला, ही भीती. ही भीती तुमच्याही घरात आहे. त्या भीतीला कारणही आहे, ते मान्य करू. धान्याचं पोतं पुढे करून नाव लिहून घेणारा ख्रिस्ताची बदनामी करतो, आणि अशा माणसाला मंडळीनं तोंडावर सांगितलं पाहिजे. पण टिळकांच्याच घरात बघा. नवऱ्याच्या धर्मांतरानं लक्ष्मीबाईंचा संसार मोडला, वर्षानुवर्षांची ताटातूट झाली. त्यांनी बाप्तिस्मा घेतला १९०० साली, स्वतःला पटलं तेव्हा. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नव्हे. मला यात काहीच जाचक वाटत नाही. सांगणं आपलं, मन वळवणं देवाचं.

सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं. बरं, तीन कारणं.

पहिलं, ऋण. शोमरोन शहराला वेढा पडला होता तेव्हाचे ते चार कुष्ठरोगी आठवा, बायबलातल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातले. शत्रूच्या ओस छावणीत पोटभर जेवले, आणि मग एकमेकांना म्हणाले, शहर उपाशी आहे आणि आपण गप्प आहोत, हे बरं नाही. आपल्यालाही कुणीतरी सांगितलं म्हणून आपण इथं आहोत.

दुसरं, भाषा. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सनी १६१६ साली ख्रिस्ताची कथा ओवीत आणली, आपल्याच नगरकडच्या कृष्णराव सांगळ्यांनी ती कीर्तनात उभी केली. आज आपण आपली श्रद्धा शेजाऱ्याशी घरच्या मराठीत बोललोच नाही, तर ती आपल्या मुलांनाही परकी वाटेल. यावर वेगळं व्याख्यान हवं.

तिसरं, प्रेम. येशूचा शिष्य पेत्र सांगतो, विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेनं. भाऊंनी तर विचारलं होतं.

मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, “भाऊ, तुम्ही मला एकदा एक विचारलं होतंत. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.” त्यांना आठवत होतं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि आतल्या खोलीकडे हाक मारली, “अगं, जरा इकडे येऊन बस.”