फ्लॅशबॅक आणलात, त्याची किंमत आणलीत का?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न: ‘ब्लेड्स इन द डार्क’ या चोरांच्या रोलप्लेइंग खेळातला फ्लॅशबॅक डी अँड डीत (डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये) चालतो का? चालतो. चोरी ऐन रंगात असताना प्लेअर म्हणतो, “या पहारेकऱ्याला मी कालच पैसे चारलेत,” आणि आपण तो कालचा प्रसंग खेळून घेतो. एवढंच.

अडतं किमतीपाशी. ब्लेड्समध्ये प्रत्येक कॅरेक्टरला स्ट्रेसचे, म्हणजे ताणाचे, 9 चौकोन असतात. साधा फ्लॅशबॅक फुकट, जरा अवघड असेल तर 1 स्ट्रेस, फारच जुळवाजुळव असेल तर 2 किंवा जास्त. चौकोन भरले की ट्रॉमा, म्हणजे कायमचा मानसिक घाव. चौथ्या ट्रॉमाला ते कॅरेक्टर धंद्यातून कायमचं बाद! म्हणून प्लेअर मागताना दहादा विचार करतो.

डी अँड डीत मी सुरुवातीला हिट पॉइंट (कॅरेक्टर किती मार सोसेल त्याचे गुण) कापायचे. तिजोरी लुटायचं सेशन होतं, आणि चोर खेळणाऱ्या मैत्रिणीने एका संध्याकाळी सहा फ्लॅशबॅक घेतले. का नाही घेणार? लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) झाली की सगळे हिट पॉइंट परत. तिचं काहीच चुकलं नाही. नियम मी अर्धाच उचलला होता.

एका दादांनी लिहिलंय, “इन्स्पिरेशन खर्च करायला लावा.” दादा, इन्स्पिरेशन म्हणजे चांगल्या खेळाचं बक्षीस, आणि ते द्यायचं की नाही हे सहसा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, ठरवतो. स्ट्रेस प्लेअरच्या स्वतःच्या हातात असतो, त्यातच तर सगळी मजा आहे! दुसरे म्हणतात एक्झॉशन (थकवा) द्या. अहो, 2014च्या नियमांत पहिल्याच पातळीला सगळ्या अ‍ॅबिलिटी चेकवर डिसअ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा. पहारेकऱ्याला लाच दिली म्हणून रात्रभर एक कुलूप धड उघडू नये? तुमच्या टेबलावर कुणी फ्लॅशबॅक मागणारच नाही.

आता मी हिट डाइस घेते, म्हणजे शॉर्ट रेस्टमध्ये (छोट्या विश्रांतीत) हिट पॉइंट भरून काढायचे फासे. 2014च्या नियमांत पाचव्या लेव्हलला 5 असतात आणि लाँग रेस्टनंतर त्यातले 2च परत मिळतात. म्हणजे आज तीन उडवले, तर उद्या सकाळी हातात चारच. उद्याच्या मारामारीनंतर शॉर्ट रेस्ट घेताना कालचा फ्लॅशबॅक आठवतो, आणि मला नेमकं तेच हवं होतं. 2024चे नियम खेळत असाल तर तिथे सगळे परत येतात, तेव्हा “निम्मेच परत” हा घरचा नियम आधीच सांगून ठेवा. सेशनच्या मध्ये नाही, आधी! प्लेअरला खर्च करण्यापूर्वी माहीत नसेल तर ती किंमत नाही, दंड आहे.

ब्लेड्समधल्या घड्याळांबद्दल (धोका किंवा प्रगती मोजणाऱ्या गोलांबद्दल) विचारणाऱ्यांनो, विसरले नाहीये. ती कशी आणायची ते पुढच्या व्हिडिओत. तोवर खाली लिहा, तुम्ही फ्लॅशबॅकला काय किंमत लावता आणि ती परत भरून यायला किती दिवस लागतात.