ड्रमातलं तळं

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गावची आशाताई, म्हणजे गावात आरोग्याचं काम करणारी कार्यकर्ती, डासांच्या अळ्या शोधत घरोघरी फिरत होती. कोरडा दिवस होता, म्हणजे साठवलेल्या पाण्याची भांडी रिकामी करायचा दिवस. तिनं रांजण पाहिला, कूलरची टाकी पाहिली, कोंबड्यांच्या पाण्याचं खापर उलटं केलं, गोठ्यामागचा टायर पायानं हलवून पाहिला आणि मग परसात आली. तिथं जमिनीत पुरलेला निळा ड्रम, काठोकाठ पाण्यानं भरलेला. "भाऊ, हे फेका लागते," ती म्हणाली. मी म्हटलं, "फेकू ना ताई. पहिले बॅटरी मारून पाहा."

तिनं मोबाइलची बॅटरी लावली, वाकून पानांच्या फटीतून पाहिलं. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून घरातून पांढरी वाटी मागवली. पांढऱ्या वाटीत अळी लपत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तीनदा पाणी काढलं, तीनदा वाटी उजेडात धरली. अळी एकही नाही. तिसऱ्या वाटीत आलं ते गप्पी माशाचं पिल्लू, तांदळाच्या कणीएवढं. दोन डोळे आणि एक शेपटी, बस.

आता हेही सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी याच ताईनं हाच ड्रम माझ्यादेखत उलटा केला होता आणि बरोबर केलं होतं. तेव्हा तो अंगणात उभा होता, आत नुसतं पाणी आणि हौसेनं टाकलेली चार पानं. अळ्या अशा वळवळत होत्या की माझी माय म्हणाली, "बापू, तू तळं करून राहिला का डासं पोसून राहिला?" त्या दोन खेपांच्या मधे मी काय काय चुकलो आणि काय जमलं, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट भांड्याची. परसात तळं करायचं म्हटलं की माणूस आधी भंगारवाल्याकडे जातो, मीही गेलो. निळे ड्रम, दोनशे लिटरचे, रांगेनं उभे असतात. पण आपला मुलूख कापसाचा. आपल्याकडे ड्रमात काय होतं, हे विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. फवारणीचं औषध कालवायला वापरलेला ड्रम कितीही धुतला, राख लावून घासला, महिनाभर उन्हात पालथा ठेवला, तरी तो पाण्यासाठी नाही. वास गेला म्हणजे विष गेलं असं होत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी, शेतमजूर दगावले, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. मासा तर माणसाच्या कितीतरी आधी मरतो. विकणारा "काही नाही जी, साबणाचं पाणी होतं" असं म्हणाला, की मी पुढच्या दुकानात जातो. माझा ड्रम लोणच्याचा होता. झाकण उघडलं की अजून मेथी-मोहरीचा वास येई. तो वास चालतो, दोन धुण्यांत जातो.

ड्रमच हवा असंही नाही. वरून फुटलेली प्लास्टिकची पाण्याची टाकी कापून घेता येते. जुन्या कूलरचं फायबरचं बूड चालतं. पत्र्याचं मात्र नको, ते गंजतं आणि जस्ताचा मुलामा माशांना सोसत नाही. आणि कोणाच्या माळ्यावर आजीचं तांब्याचं घंगाळ असेल, तर ते तिथंच राहू द्या. दिसायला त्याच्यासारखं देखणं तळं नाही, पण तांबं पाण्यात उतरतं आणि मासे, गोगलगायी मरतात. माणसाला मानवतं ते सगळ्यांनाच मानवतं असं नाही.

आता ड्रम कापायचा कसा? बरेच जण उभा चिरतात, म्हणजे दोन लांबट डोण्या होतात. छान दिसतात, आणि मीही आधी तसाच विचार केला होता. पण आपल्याकडचं ऊन ध्यानात घ्या. चंद्रपूर, ब्रम्हपुरी, नागपूर, अकोला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. फूटभर पाण्याची डोणी दुपारी तीनला हात घालून पाहा, अंघोळीच्या पाण्यासारखी लागते. तळ्याला पसारा असावा हे खरं, पण विदर्भात आधी खोली. म्हणून मी ड्रम आडवा कापला आणि खालचे दोन फूट ठेवले. त्यात साधारण एकशे तीस-चाळीस लिटर पाणी मावतं. वरचा एक फुटाचा गोल तुकडा टाकला नाही, त्यात पुदिना लावला.

आणि मग तो जमिनीत पुरला. जमीन पाणी थंड ठेवते, याला खर्च नाही. पण आमची जमीन काळी कसदार, आणि इथंच मी आपटलो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, एवढी की भेगेत हात जातो. पावसाळ्यात तीच फुगते. मी खड्डा खणला, ड्रम ठेवला आणि निघालेली काळीच माती आजूबाजूला ठोकून भरली. जुलैत पाणी घाण झालं म्हणून एका संध्याकाळी ड्रम रिकामा केला. म्हटलं, सकाळी घासू. रात्री पाऊस बसला. सकाळी पाहतो तर ड्रम वीतभर वर आलेला आणि एका बाजूला कललेला, पूर आल्यावर डोंगा काठाला लागावा तसा. रिकामं भांडं ओल्या मातीत ठेवलं की ते तरंगणारच. शाळेत हे शिकलो होतो, पण परसात आठवलं नाही.

तेव्हा पासून दोन गोष्टी पाळतो. खड्डा ड्रमापेक्षा चार बोटं रुंद खणायचा, खाली वाळू घालायची आणि भोवती काळी माती नाही, मुरूम भरायचा. मुरूम फुगत नाही, पाणी धरून ठेवत नाही. दुसरं, पावसाळ्यात ड्रम कधी पूर्ण रिकामा करायचा नाही. काठ मात्र जमिनीच्या चार बोटं वर ठेवायचा. नाहीतर अंगणातलं पाणी गोठ्यातलं मूत आणि युरियाचे सांडलेले दाणे घेऊन थेट तळ्यात येतं.

पाणी कोणतंही चालतं, विहिरीचं, पावसाचं, नळाचं. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून ते दोन दिवस उघड्यावर उन्हात राहू द्यायचं आणि मगच मासे सोडायचे.

आठ-पंधरा दिवसांत पाणी हिरवं होईल. पोपटी नाही, पार पालकाच्या भाजीसारखं. इथं माणूस घाबरतो आणि सगळं पाणी फेकतो. फेकू नका. नवं पाणी भरलं की तेही हिरवं होतं, आणि आपण पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. शेवाळाला ऊन लागतं आणि खत लागतं. ऊन अडवायचं पानांनी, म्हणजे पाण्याचा अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग पानांखाली जाऊ द्यायचा. खत आपणच द्यायचं नाही. मी कुमुदिनी लावताना शेतकऱ्याच्या सवयीनं घमेल्यात ओंजळभर शेणखत घातलं. चार दिवसांत पाण्याला असा वास सुटला की शेजारच्या काकूनं भिंतीवरून विचारलं, "भाऊ, काही मेलं का?" पाण्यातल्या झाडाला नुसती काळी माती पुरते, जड आणि चिकट. या कामाला मात्र आपल्या काळ्या मातीसारखी दुसरी माती नाही. जुन्या घमेल्यात माती दाबून भरायची, कंद आडवा लावून त्याचा कोंब उघडा ठेवायचा, वरून बारीक गिट्टी पसरायची आणि घमेलं हळूच तळाला ठेवायचं.

माझा कुमुदिनीचा कंद भंडारा जिल्ह्यातून आला, बहिणीच्या गावाहून. आमच्याकडे नदी, नाला, विहीर. तिच्याकडे तलाव. पूर्व विदर्भातले हे मालगुजारी तलाव तुम्ही पाहिले असतील. गोंड राजवटीत कोहळी लोकांनी बांधलेले, नवेगावबांधासारखे अफाट आणि गावोगावच्या बोड्यांसारखे लहानसहान. इंग्रजांच्या काळात ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे होते म्हणून हे नाव पडलं; १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली, नाव राहिलं. तिथल्या एका ढीवर, म्हणजे मासेमार समाजाच्या म्हाताऱ्यानं मला कंद काढून दिला. गुडघाभर पाण्यात उभा राहून पायाच्या अंगठ्यानं चिखल चाचपत होता. मी विचारलं, "किती द्यायचे?" तर म्हणाला, "पैसे काय देता, हे तं आपोआप वाढते. पण जलपर्णी नका नेऊ घरी." बाजूलाच जांभळी फुलं डोलत होती, आणि फुकट होती. त्याचा तलाव त्या फुलांनीच अर्धा गिळला होता. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे, आणि एकदा घुसली की निघत नाही. ड्रमात हौसेनं ठेवलेली एक काडी पुरात वाहून नाल्यात गेली तरी पुरे.

आता मासे. गप्पी मासे बऱ्याच ठिकाणी आरोग्य खात्याकडून मिळतात, विचारून पाहा. मला दहा मिळाले, बिसलेरीच्या बाटलीत. रंगीत छोटे ते नर, मोठ्या मातकट त्या माद्या. गप्पी अंडी घालत नाही, सरळ पिल्लं देते, महिन्या-सव्वा महिन्यात एक खेप. त्यामुळे दहा पुरतात. एकदम पन्नास सोडले की त्यांच्या घाणीनं पाणी विषारी होतं. ती घाण पचवणारे जिवाणू पाण्यात तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. पहिले काही दिवस मी त्यांना पोळीचा कण टाकायचो, मग बंद केलं. पोट भरलेला मासा अळ्या कशाला शोधेल?

भरल्या ड्रमात अळी का नाही, हे आशाताईचं कोडं इथं सुटतं. डेंग्यूच्या डासाला आपल्या हवेत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस. त्याची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि महिनोन्महिने कोरडी तग धरतात, म्हणून कूलर नुसता रिकामा करून भागत नाही, घासावा लागतो. माझ्या ड्रमावर डास येत नाहीत असं नाही. येतात, अंडी घालतात. पण अळीला आठ दिवस मिळतच नाहीत. गप्पी खातो, आणि आता गप्पीला भागीदार आले आहेत. भाद्रपदात चतुर पाण्याला शेपटी टेकवून जाताना पाहिले असतील. त्यांची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्याही खातात. ती मी आणलेली नाहीत.

एक बजावून सांगतो. हे गप्पी नदीत, तलावात सोडू नका. तेही बाहेरून आलेले आहेत, आणि तिथले आपले बारके मासे आधीच कमी झाले आहेत.

मे महिन्यात मात्र कसोटी लागली. पहाटे पाचला उठलो तर सगळे मासे वर तोंड काढून पाणी चाटत होते. रात्री झाडंही पाण्यातला प्राणवायू घेतात, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी मावतो. मी लोटाभर पाणी खांद्याएवढ्या उंचीवरून धार धरून सोडलं, पाच-सात वेळा. अर्ध्या तासात मासे खाली गेले. त्याच दिवशी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या काड्यांचा मांडव घातला, असा की सकाळचं ऊन लागावं आणि अकरानंतर सावली. शेजारी कडुनिंब आहे, पण त्याच्याखाली ड्रम नको. फाल्गुनात पानं झडतात आणि तळाला सडतात. उन्हाळ्यात रोज बोटभर पाणी उडतं, तेवढं संध्याकाळी भरायचं, एवढंच काम.

आमच्या घरात लहान पोट्टे आहेत. ड्रमावर लोखंडी जाळी आहे, वाकणार नाही अशी, आणि तिला कडी आहे. दोन फूट पाणी लेकराला पुरेसं असतं, त्यामुळे यात हयगय नाही. जाळीच्या कोपऱ्यात एक भोक ठेवलंय आणि आतून एक खडबडीत लाकूड तिरपं टेकवलंय. कारण पहिल्याच महिन्यात एक खार पाणी प्यायला उतरली आणि गुळगुळीत प्लास्टिकवर तिला चढता आलं नाही. सकाळी सापडली. तेव्हापासून लाकूड आहे, त्यावर बेडूक बसतो. बेडकामागे साप येईल, असं माय म्हणते. येईलही. म्हणून भोवतीचं गवत कापून ठेवतो आणि रात्री बॅटरीशिवाय तिकडे जात नाही.

तर आशाताईनं त्या दिवशी वाटीतलं पिल्लू परत पाण्यात सोडलं आणि विचारलं, "भाऊ, मले दहा देता का?" तिच्या वस्तीत एका घरी मोठा हौद आहे, तो कोणी उपसू देत नाही. लोणच्याच्या बरणीत भरून दिले.

यंदा मला कमळ लावायचंय. बिया आणल्या, टोक फरशीवर घासून पाण्यात टाकल्या, आठवड्यात हिरवे कोंब निघाले. पण कमळाला ड्रम पुरत नाही, रुंद भांडं लागतं. ते आमच्या गोठ्यात आहे, ढोरांच्या पाण्याचं सिमेंटचं टाकं, चार फुटांचं. नव्या सिमेंटचा चुना माशांना मारतो, पण हे पंधरा वर्षं पाणी धरून मुरलेलं. तीन वर्षांपासून कोरडं आहे. बैलजोडी विकली, ट्रॅक्टर भाड्यानं येतो. मी मायला विचारलं, "टाक्यात कमळ लावू का?"

ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "अन् मंग बैल आले तं पाणी कोठी पितीन?"

कोंब सध्या काचेच्या पेल्यात आहेत, खिडकीत. दोन पानं आली आहेत.

नमस्कार.