झटका झेलणारा दोर

खानदेशात विहीर खोदायला घेतली की काठावर यारी उभी राहते आणि तिच्या पोलादी तारदोराला लटकून तळाचा दगड-मुरूम वर येऊ लागतो. हा तारदोर जेवढा कमी ताणेल तेवढे यारीवाल्याचे काम सोपे होते. सातपुड्यातला एखादा कातळकडा चढणाऱ्याने मात्र तोच तारदोर कमरेला बांधला आणि हात सुटला, तर दोर शाबूत राहील आणि माणूस मोडेल.

म्हणूनच चढाईचा दोर किती वजन पेलतो याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो पडणाऱ्याला किती हळुवार थांबवतो हे तपासले जाते. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या, म्हणजे युआयएएच्या मानकानुसार एकेरी दोराला ८० किलोचे वजन बांधून ते सुमारे ४.८ मीटर खाली सोडतात, आणि दोर ५ मिलिमीटर त्रिज्येच्या गोल कडेवरून वळवलेला असतो, कारण प्रत्यक्षात तो कॅराबिनरवरून, म्हणजे उघड-बंद होणारे फाटक असलेल्या धातूच्या कडीवरून, असाच वळतो. पहिला झटका १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. हा भार साधारण १२०० किलोंचा, म्हणजे टांगलेल्या वजनाच्या पंधरा पट झाला. पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तेच वजन पुन्हा पडत राहते आणि दोराला किमान पाच वेळा ते झेलावे लागते. अशा आपटण्यांनंतर वळणावरचा भाग चिमटीत धरून पाहिला, तर तो चपटा आणि ताठर लागतो, आणि घर्षणाने तापलेले नायलॉनचे आवरण तिथे चकाकते.

किती उंचीवरून पडलो, यावरच झटका ठरतो असे नवख्याला वाटते. खरे तर पडण्याचे अंतर भागिले चढणारा आणि त्याला धरणारा यांच्या मधल्या दोराची लांबी, हा पतनगुणक निर्णायक असतो. वीस मीटर दोर सुटलेला असताना चार मीटर पडणे त्या मानाने सुसह्य. दोनच मीटर दोरावर तेवढेच पडणे म्हणजे गुणक २, आणि याहून वाईट पतन सहसा होत नाही.

कॅराबिनरची ताकद त्याच्या पाठीवरच कोरलेली असते. नेहमीच्या कॅराबिनरला लांबीच्या दिशेने, फाटक बंद असताना, किमान २० किलोन्यूटन पेलावे लागतात. फाटक उघडे असेल तर अट ७ वर उतरते. बाजारात किल्ल्यांसाठी मिळणारी रंगीत कडी दिसायला अगदी तशीच असते, पण तिच्यावर हे आकडे नसतात.

चाचणीत वापरलेला दोर पुन्हा कड्यावर नेत नाहीत. फार तर त्याचे बैलाला दावे होते.