वाढलेली बांगडी

कासाराचं दुकान. एका बाईचा पंजा त्याने दोन्ही हातांत दाबून धरलाय. अंगठ्याचं हाड आत दुमडतं, हिरवी बांगडी हलकेच वर सरकते. एक, दोन, तीन. चौथीला टच्‌कन आवाज होतो.

"वाढली," कासार म्हणतो आणि पुढची बांगडी उचलतो.

फुटली म्हणायचं नाही. आपल्याकडे बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढतं, देवापुढे नारळ वाढवतात, रात्री दुकानही वाढवतात. पुन्हा ताटात भात वाढतात तो वेगळाच! कुणा परप्रांतीयाला मराठी शिकवत असाल, तर हे क्रियापद शेवटी काढा.

नारळाचंच बघा ना. देवळाच्या पायरीवर तो वाढवायचा. निवडणुकीत मात्र प्रचाराचा नारळ बिनदिक्कत 'फुटतो'. सत्काराला शालीबरोबर आला की त्याचं श्रीफळ होतं. आणि नोकरीवरून काढलं, की म्हणतात, नारळ दिला. फळ तेच, घेणाऱ्याचा चेहरा तेवढा वेगळा.

पण बांगडीच्या बाबतीत एवढी सावधगिरी का? कारण 'फोडणे' हा शब्द आधीच एका प्रसंगाला वाहिलेला होता. नवरा गेला, की बाईच्या बांगड्या फोडायच्या. भर लग्नघरात एखादी बांगडी तडकली, की तो प्रसंग क्षणभर डोळ्यांपुढे येऊ नये, म्हणून 'वाढली'. सवाष्णीच्या वाट्याला आलेल्या या गोड शब्दामागे विधवेचं मनगट आहे.

कोल्हापूर जिल्हा, शिरोळ तालुका, हेरवाड. मे २०२२ मध्ये इथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे: या गोष्टी गावात होणार नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मला त्या ठरावातली क्रियापदं महत्त्वाची वाटतात. पुसणे. तोडणे. फोडणे. जे घडत होतं, ते त्याच्या खऱ्या नावाने कागदावर आलं.

संध्याकाळ. कासार दुकान वाढवायच्या तयारीत आहे. गादीच्या कडेने तो केरसुणी फिरवतो. हिरवे, लाल तुकडे सुपलीत गोळा होतात. कॅमेरा घेऊन आम्ही जवळ सरकतो, तसा तो हात आडवा करतो.

"जपून हो. फुटक्या काचा आहेत."