जोन्स एवढे आले कुठून?

नमस्कार. बाहेर बोर्डावर विषय लिहिलाय "जोन्स: एका वेल्श आडनावाचा उगम, अर्थ आणि प्रसार", आणि तो वाचूनही तुम्ही आत आलात म्हणजे एकतर तुमची आवड दांडगी किंवा बाहेर ऊन फार. कुणाला वाटलं असेल की टॉम जोन्सची गाणी ऐकवणार, तर आधीच सांगतो, तो जन्माने वुडवर्ड. जोन्स हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. जगातला सगळ्यात गाजलेला वेल्श जोन्स असा उसना निघतो, इथपासूनच सुरुवात करू.

अर्थ एका मिनिटात संपतो. जोन्स म्हणजे जॉनचा. जॉनचा मुलगा. संपलं. पण ही इंग्रजी पद्धत झाली. जुन्या वेल्श मुळाक्षरांत तर ज हे अक्षरच नव्हतं, तिथे जॉनचा शॉन व्हायचा नाहीतर इवान. म्हणजे वेल्समधलं, इंग्लंडला लागून पश्चिमेला असलेल्या त्या छोट्या देशातलं, एक नंबरचं आडनाव ज्या अक्षराने सुरू होतं ते अक्षर त्यांच्या भाषेत मुळात नव्हतंच, आणि याचं तिथे कुणाला फारसं काही वाटतही नाही.

मूळ वेल्श पद्धतीत आडनाव नव्हतंच. स्वतःचं नाव, मग "आप" म्हणजे मुलगा, मग बापाचं नाव. पुढे स्वर आला की "आब". मुलगी असेल तर "वेर्ख". आणि एका बापावर कोण थांबतंय, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, सगळे रांगेत. ही हौस नव्हती हां. जुन्या वेल्श कायद्यात जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जायची, खून झाला तर भरपाई अख्ख्या भाऊबंदांकडून वसूल व्हायची, त्यामुळे आपण कुणाचे कोण हे तोंडपाठ असणं भागच होतं. आपल्याकडे वाटणीच्या वेळी कशी वंशावळ निघते, तिथे ती रोजच्या नावातच असायची.

आता माझी लाडकी गोष्ट. सोळावं शतक, आठव्या हेन्रीचा काळ, वेल्सच्या सरहद्दीवर कारभार बघायला रोलंड ली नावाचा बिशप. हा बिशप देवापेक्षा फाशीसाठी जास्त प्रसिद्ध. कोर्टात ज्यूरीची हजेरी चालली होती, आणि एक बडा जमीनदार उठून नाव सांगतो, थॉमस आप रिचर्ड आप हॉवेल आप इवान... कारकून लिहितोय, लिहितोय, आणि मागे अजून असे कितीतरी आप बसलेत. बिशप वैतागला. म्हणाला, पुरे, एक शेवटचं नाव घ्या नाहीतर गावाचं लावा. साहेबांच्या वाड्याचं नाव होतं मोस्टिन, ते मोस्टिन झाले. गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असणार, अशा गोष्टी असतातच, पण मोस्टिन घराणं खरं आहे आणि आजही आहे.

यातली माझी आवडती गंमत अशी की ज्याच्याकडे वाडा होता त्याला वाड्याचं नाव मिळालं. ज्याच्याकडे काही नव्हतं त्याच्याकडे फक्त बाप होता. आपल्याकडे एक गुंठा नसलेला माणूसही गावाला "कर" लावून मोकळा होतो, ती सोय तिथल्या गरिबाला फारशी नव्हती. माझं म्हणणं, आणि ते मी मरेपर्यंत म्हणणार, हेच आहे की जोन्स हे घराण्याचं नाव नाहीच, कुठल्यातरी एका दिवशी कारकुनाने थांबवलेली हजेरी आहे ती. दोन जोन्स भेटले तर त्यांचं एकमेकांशी नातं असेलच असं अजिबात नाही. दोघांच्या पूर्वजांची नोंद झाली त्या वेळी दोघांच्या बापाचं नाव जॉन होतं, एवढाच योग.

हसू नका, आपल्याकडे हे आत्ता चालू आहे. माझा एक मावसभाऊ, नाव नाही सांगत, तो मस्कतला गेला. पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तीन नावं, आणि तिथल्या एका ऑफिसातल्या फॉर्मवर रकाने दोन. टायपिस्टने तिसरं नाव सरळ सोडून दिलं. मावसोबांचं नाव दत्तात्रय, तेव्हा हे झाले मिस्टर दत्तात्रय. पगार दत्तात्रयच्या नावावर, गाडीचं लायसन दत्तात्रयच्या नावावर, पुढे मुलगा झाला तर त्याच्या दाखल्यावर पण आडनाव दत्तात्रय. मावशी फोनवर विचारते, अरे आमचं घराणं कुठे गेलं? ते निस्तरायला इतक्या चकरा झाल्या की शेवटी तो म्हणाला राहू दे, नातवंडं दत्तात्रय तर दत्तात्रय. आता दोनशे वर्षांनी कुणीतरी व्याख्यान देईल, दत्तात्रय आडनावाची माणसं मूळची कुठली म्हणून. तेव्हा जोन्सना हसायचा आपल्याला काही अधिकार नाही.

अर्थात जोन्स व्हायला प्रत्येक वेळी कारकूनच लागतो असं नाही, जुन्या रिवाजानेही माणूस जोन्स व्हायचा. नमुना बघायचाय? वेल्समधल्या अँगलसी बेटावर शॉन शोर नावाचा साधा माणूस होता. शोर म्हणजे जॉर्ज. 1675 साली त्याला मुलगा झाला विल्यम, त्याने बापाचं पहिलं नाव आडनाव म्हणून लावलं, शॉनचा म्हणून जोन्स. हा विल्यम जोन्स गणितात हुशार निघाला, जहाजावर गणित शिकवलं, न्यूटनच्या ओळखीचा झाला, आणि 1706 साली वर्तुळाच्या परीघ आणि व्यासाच्या गुणोत्तराला पाय हे ग्रीक चिन्ह पहिल्यांदा यानेच वापरलं. दहावीत पायने ज्यांना रडवलं त्यांनी राग कुणावर काढायचा ते आता कळलं. आणि याचा मुलगा कोण, तर सर विल्यम जोन्स! कलकत्त्याचे न्यायाधीश, 1784 ची एशियाटिक सोसायटी, संस्कृत ग्रीक लॅटिन यांचं मूळ एकच असावं असं 1786 मध्ये भाषणात सांगणारे. म्हणजे आजोबा शोर, बाप जोन्स, आणि मुलापाशी आडनाव पहिल्यांदा पुढे सरकलं. आपल्याकडे त्यांना सर्रास इंग्रज पंडित लिहितात, माझं डोकं फिरतं. लंडनमध्ये जन्मले हे खरं, पण बाप वेल्श. फ्रान्सच्या राजाशी त्यांची ओळख करून देताना "यांना स्वतःची सोडून सगळ्या भाषा येतात" असं म्हटलं गेलं, असा किस्सा आहे, ती न येणारी भाषा वेल्शच.

आणि तो दुसरा जोन्स राहिलाच, थॉमस जोन्स, मिशनरी, मूळचा सुतार, 1841 मध्ये चेरापुंजीला पोचला आणि खासी भाषा वेल्श वळणाच्या रोमन लिपीत लिहायला लागला, आजही खासी मुळाक्षरांत वेल्शसारखं "ङ", म्हणजे ng, हे जोडाक्षर g नंतर वेगळं उभं असतं, आणि त्याचं...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच? बरं. मुख्य मुद्दा राहिलाय, एवढे जोन्स का, तर पटापट सांगतो.

एक, 1536 आणि 1543 च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडलं, जुना वेल्श कायदा गेला, कोर्टाची भाषा इंग्रजी झाली, आणि वंशावळ पाठ ठेवायचं कारणच संपलं. काही ठिकाणी "आप" पुढच्या नावाला चिकटला, आप हॉवेलचा पॉवेल, आप रिसचा प्राइस, आब ओवेनचा बोवेन, आप हॅरीचा पॅरी. बाकीच्यांना इंग्रजी "स" लागला, जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स. दोन, हे सगळीकडे एकदम झालं नाही, काही भागांत एकोणिसाव्या शतकापर्यंत दर पिढीला नाव बदलत होतं, आणि ते थांबलं तोवर जुनी वेल्श नावं मागे पडून जॉन, डेव्हिड, विल्यम, थॉमस एवढ्याच मूठभर नावांवर गावंच्या गावं चालली होती, त्यात चॅपलवाल्यांनी, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथांनी, बायबलमधल्या नावांची भर घातली. नावं कमी, माणसं जास्त, मग आडनावं कमीच निघणार! आज वेल्समध्ये शंभरात पाच-सहा जोन्स असतात, आणि अख्ख्या ब्रिटनमध्ये स्मिथच्या खालोखाल यांचाच नंबर. 2006 साली कार्डिफच्या मिलेनियम सेंटरमध्ये 1,224 जोन्स एका छताखाली जमले आणि एका आडनावाच्या मेळाव्याचा विक्रम झाला, पुढच्याच वर्षी आयर्लंडमध्ये गॅलहरांनी तो मोडला.

मग ओळखायचं कसं? गावात धंद्यावरून, दूधवाला जोन्स, पाववाला जोन्स. पलटणीत नंबरावरून. 1879 ला आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्यांत दोन जोन्स होते, 593 जोन्स आणि 716 जोन्स, आणि इतिहासातही ते नंबरासकटच गेलेत. हल्ली काहीजण परत "आप" लावायला लागलेत, रुन आप योरवर्थ हे वेल्सचे पुढारी त्यातलेच.

आणि हो, अर्जेंटिनात पॅटागोनियाला 1865 पासून वेल्श वस्ती आहे, तिथे एका शहराला ती वस्ती वसवणाऱ्यांतल्या लुइस जोन्सचं नाव दिलंय. शहराचं नाव ट्रेल्यू, ट्रे म्हणजे गाव आणि ल्यू म्हणजे लुइस. जोन्सचं गाव असं नाव ठेवलं असतं तर पत्र नेणारा पोस्टमन विचारत बसला असता, कुठल्या जोन्सचं.